खडूचा आकडा

व्हॅन लिफ्टवर छातीइतकी उंच चढवलेली होती. चारही चाकं काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. आणि तरीही गाडी समोरच्या डिस्प्लेवर सांगत होती की चारही चाकांत हवा अगदी व्यवस्थित आहे. पुढचं डावं दोन-नऊ, म्हणजे 2.9 बार, पुढचं उजवं दोन-नऊ, मागची दोन्ही दोन-नऊ.

हिल्का मोइलानेनने चष्मा कपाळावर सरकवला, मग परत डोळ्यांवर घेतला. आकडे तेच होते.

"यार्को, इकडे ये जरा," ती म्हणाली. "ही गाडी एक तर भुताची आहे, नाहीतर ओइवाची."

टायरच्या दुकानाचा मॅनेजर यार्को हातातली यादी घेऊन आला. त्याने आत डोकावून बघितलं, मग भिंतीशी उभ्या चाकांकडे बघितलं. "बाहेर अकरा गाड्या उभ्यात, हिल्का. भूत असलं तरी वीस मिनिटांत उतरव."

ऑक्टोबर संपत आला होता आणि आदल्या रात्री पहिला बर्फ पडला होता. उत्तरेकडच्या काइनू भागातल्या प्रत्येक माणसाला महिनाभर आधीपासून माहीत असतं की बर्फ पडणार, आणि तरीही सगळा गाव हिवाळी चाकं बसवायला बर्फ पडल्यावरच धावतो. एकतीस वर्षं हिल्का हे बघत आली होती. दरवर्षी ती म्हणायची, "यंदाही बातमी उशिरा कळली वाटतं?" दरवर्षी लोक हसायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत उभे राहायचे.

तिने सेन्सर वाचायचं छोटं यंत्र हातात घेतलं. हल्लीच्या गाड्यांच्या प्रत्येक चाकात, व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, अंगठ्याएवढा सेन्सर असतो. तो हवा मोजून गाडीला कळवतो, आणि हवा कमी झाली की चालकासमोर पिवळा दिवा लागतो. पण इथे प्रत्येकाकडे चाकांचे दोन संच, एक उन्हाळ्याचा आणि एक बर्फासाठी खिळ्यांचा. म्हणजे सेन्सरही दोन संच हवेत, आणि तिथे भल्याभल्यांचा हात आखडतो. हिल्काने यंत्र काढलेल्या चारही चाकांना लावलं. शांत. ओइवाने बसवायला आणलेल्या खिळ्यांच्या चाकांना लावलं. तीही मुकी. मग ती व्हॅनभोवती फिरली, आणि मागच्या दारापाशी यंत्र टुकटुक वाजायला लागलं.

शेवटच्या बाकाखाली, मुलांच्या पांघरुणांच्या घडीमागे, एक लोकरीचा लांब पायमोजा होता. राखाडी, वर लाल पट्टा. आत काहीतरी कडक होतं.

ओइवा क्युल्लोनेन कोपऱ्यातल्या खुर्चीत तिसरी कॉफी आणि वेलदोड्याचा बन घेऊन बसला होता. वय सदुसष्ट. चाळीस वर्षं नळाची कामं केली, आणि आता हिएतापेरा गावची मुलं सकाळी शाळेत आणायची आणि दुपारी घरी सोडायची टॅक्सी चालवत होता. त्या गावाला दुसरी टॅक्सी नव्हती. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून ती सहा मुलंच त्याचा दिवस होती. हिल्का आणि तो एका शाळेत शिकलेले.

"हे काय आहे, ओइवा?"

"पायमोजा."

"आत काय आहे?"

"पाय नाहीये, एवढं सांगतो."

हिल्काने मोजा उलटा केला. हातभर लांबीचा सांडपाण्याचा पाइप बाहेर आला, दोन्ही टोकं पक्की बंद, एका बाजूला सायकलचा व्हॉल्व्ह. आत चार सेन्सर होते हे तिला सांगायची गरज नव्हती. चाकांतून काढलेले, पाइपात कोंडलेले, आणि दाबून हवा भरलेली. बिचारे आत बसून प्रामाणिकपणे हवा मोजत होते आणि गाडीला कळवत होते की सगळं ठीक आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिने पाइप उजेडात धरून फिरवला, सांध्यावरून नख फिरवलं. सांधा आरशासारखा होता.

"काम सुरेख आहे," ती म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं.

ओइवा खुलला. "दहा महिने झाले. एक टिपूस हवा गेली नाही. म्हणजे थंडीत जरा नरम पडतो, ते चालायचंच. उणे तीस झालं की दिवा लागायचा. मग दोनदा पंप मारला."

"कशाला मारलास पंप?"

"पाइपाला. दिवा लागला होता ना."

"आणि चाकांना?"

ओइवाने बनाचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. पण बोलून पटवणं हा हिल्काचा प्रांतच नव्हता. तिचा विश्वास दोनच गोष्टींवर होता, डगल्याच्या छातीवरच्या खिशातला पितळी मीटर आणि त्याच खिशातला खडू. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चाकाची हवा ती स्वतः मोजायची आणि आकडा खडूने टायरवर लिहायची. यार्कोने मोजली असेल तरी पुन्हा मोजायची. हवा भरायच्या यंत्रावर मोठा काटा होता, त्यालाही ती विचारायची नाही. तिच्या बापाने हवा पुरेशी आहे म्हणून सांगितलं असतं तरी तिने वाकून बघितलं असतं, असं गावात म्हणायचे, आणि म्हातारा हयात असताना तिने तसं केलंही होतं.

याहून मोठी तिची ख्याती होती ती चाकं बाहेर निजवण्याची. दुकानाच्या उबेत हवा भरली की ती गरम असते. तीच गाडी उणे पंचवीसमध्ये रात्रभर उभी राहिली की हवा आक्रसते आणि सकाळी दिवा लागतो. मग लोक म्हणतात दिवाच वेडा आहे, आणि त्यावर काळी चिकटपट्टी लावतात. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या गिऱ्हाइकांची चाकं ती आदल्या संध्याकाळी कोठारातून काढून अंगणात बर्फावर मांडायची. सकाळी ती गार चाकं मोजायची, मग बसवायची. यार्को नवीन आला तेव्हा म्हणाला होता, "यांना पांघरूण पण घालतेस का?" ती म्हणाली होती, "नाही, उठवायला मात्र मलाच यावं लागतं." तिच्या हातची चाकं लावलेल्या गाड्यांवर चिकटपट्टी सापडत नसे.

आत्ता तिने गुडघे टेकून ओइवाची काढलेली उन्हाळी चाकं एकेक करून मोजली. दोन-सात. दोन-सहा. दोन-सात. चौथ्याला मीटर लावला, काढला, पुन्हा लावला. मग खडूने मोठा आकडा लिहिला आणि ते चाक ढकलत ओइवाच्या खुर्चीपुढे आणून उभं केलं.

एक-नऊ.

"हे घालून आज सकाळी कुणाकुणाला आणलंस?" तिने विचारलं.

"सगळ्यांना. सहा जणांना."

"नावं सांग."

"आता नावं कशाला?"

"सांग ना. तुला तर पाठ असतील."

"दोघं कार्पिनेनकडची जुळी. तुओमास. लुमी. मग तो गोष्टी सांगणारा, आल्वार." ओइवा थांबला. त्याची नजर खडूच्या आकड्यावर होती. "आणि वेन्ला. पहिलीतली. ती माझ्या मागच्या सीटवर बसते, सारखी मान काढून दिवे बघते. कुठला दिवा कशाचा ते सगळं तिला शिकवलंय मी."

"हवेचा पिवळा पण शिकवलास?"

ओइवाने बन बशीत ठेवला. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला.

"निघतील का ते पाइपातनं?" शेवटी त्याने विचारलं.

"शाळा दोनला सुटते. दीडला गाडी देते. तोवर यार्कोला तू सांभाळ."

यार्कोला सांभाळणं सोपं नव्हतं. "वीस मिनिटांचं काम आणि तू दोन तास घेणार? टायर उतरवून, सेन्सर घालून, परत चढवून?" तो म्हणाला. "मालकाला काय सांगू?"

"सांग की म्हातारी ऐकत नाही. त्याला माहीत आहे."

तिने पाइपाला करवत लावली. इतका सुरेख सांधा कापताना तिला थोडं वाईटच वाटलं. ओइवाने सेन्सर आत नळाच्या लुकणाने असे काही चिकटवले होते की जणू शंभर वर्षं तिथेच राहायचे आहेत. पहिला निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला अर्धा तास लागला. चौथा तिच्या बोटांत कडकन मोडला.

तिने कपाटातला सेन्सरचा खोका उघडला. पहिल्या बर्फाच्या दिवशी तो रिकामा नसता तरच नवल. पुरवठादाराला फोन केला, मंगळवारी येतील म्हणाला. आणखी दोन दुकानांत विचारलं, तिथेही नव्हते. आज गुरुवार होता.

तीन सेन्सर घालून गाडी देता आली असती. पण चौथा गप्प राहिला की दिवा दिवसभर पेटलेला राहतो, आणि कायम पेटलेल्या दिव्याकडे कुणी बघत नाही. चार दिवसांत ओइवाला त्याची सवय झाली असती, आणि मंगळवारी तो आलाच नसता. हिल्का त्याला दुसरीपासून ओळखत होती.

एक वाजला होता. गुरुवार म्हणजे तिकडे घरोघरी वाटाण्याचं सूप, ते तिच्या डब्यात गार होत होतं. ती मागच्या दाराने अंगणात गेली. भिंतीच्या कडेला तिची स्वतःची जुनी स्टेशन वॅगन उभी होती, ओइवाच्या व्हॅनच्याच घराण्यातली, आणि तिच्या चारही हिवाळी चाकांत चार खणखणीत सेन्सर होते. तिने जॅक लावला.

मागचं डावं चाक ढकलत ती आत येत असताना यार्को समोर आला. त्याने चाकाकडे बघितलं. मागच्या दारातून तीन चाकांवर तिरकी उभी असलेली गाडी दिसत होती, तिकडेही बघितलं.

"हिल्का, ते चाक कुणाचं?"

"तू काही बघितलं नाहीस."

यार्कोने यादी टेबलावर ठेवली, खुंटीवरचे हातमोजे घातले, आणि रांगेतली पुढची गाडी स्वतः आत घेतली. त्या मोसमात त्याने पाना पहिल्यांदाच हातात धरला होता.

दीड वाजता ओइवाची चारही खिळ्यांची चाकं बर्फात पडून गार झाली होती. हिल्काने ती मोजली, आकडे लिहिले, बसवली, आणि गाडीला चारही सेन्सरची ओळख करून दिली. डिस्प्लेवर आकडे उमटले. दोन-नऊ, दोन-नऊ, तीन, दोन-नऊ.

"एकाचं वेगळं दाखवतंय," ओइवा म्हणाला.

"दाखवू दे. चार भावांचं कधी एकमत होतं का? तुझ्या पाइपात व्हायचं, तिथेच मला संशय आला."

"चौथा मोडला म्हणालीस ना?"

"अडगळीत एक सापडला. मागच्या डाव्यात घातलाय."

ओइवाने मान हलवली आणि तो शाळेकडे गेला. आभार वगैरे मानायची त्या दोघांत पद्धत नव्हती. हिल्का गार सूप उभ्यानेच प्यायली.

मंगळवारी सेन्सर आले. एक तिने स्वतःसाठी बाजूला ठेवला. त्याच दुपारी म्हाताऱ्या माणसांच्या घरी फिरणारी नर्स दिवा पेटलेली गाडी घेऊन आली, आणि ती दिवसाला दीडशे किलोमीटर जंगलातून जाते म्हटल्यावर तो सेन्सर तिला गेला. पुढच्या आठवड्यात आणखी एक बाजूला ठेवला, तो टपालवाल्याला गेला. मग डिसेंबर आला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जिने गावात एकाही गाडीत पिवळा दिवा राहू दिला नाही, तिच्या स्वतःच्या गाडीत तो हिवाळाभर पेटलेला होता.

म्हणून ती रोज सकाळी, घरून निघायच्या आधी, कपाळावर विजेरी बांधून स्वतःच्या गाडीभोवती फिरायची. चार चाकं, चार वेळा गुडघे टेकायचे, चार वेळा मीटर. साठी ओलांडलेले गुडघे कुरकुर करायचे. ती त्यांना म्हणायची, "सेन्सर होता तेव्हा बसून खाल्लंत ना?" शेजारीण खिडकीतून बघायची आणि तिला वाटायचं हिल्का अलीकडे धार्मिक झाली आहे.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजता ओइवा दुकानात आला. बाहेर उणे एकतीस होतं. त्याच्या एका हातात चाक होतं, दुसऱ्या हातात कापडात बांधलेला डबा. डब्यात राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या, बटाटा आणि लाल बेरी भरलेल्या वाट्या होत्या, त्याच्या बायकोच्या पद्धतीच्या, जरा करपलेल्या.

"तूच केल्यास?" हिल्काने विचारलं.

"रविवारी केल्या होत्या. आज द्यायचं निमित्त झालं." तो बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तळ्याच्या रस्त्याने येत होतो. दिवा लागला. मी पहिल्यांदा तुला शिव्या घातल्या."

"साहजिक आहे."

"म्हटलं थंडीने लागला असेल. चालवत राहणार होतो. तर मागनं वेन्ला म्हणाली, ओइवा, तिघांचा आकडा सारखाच आहे, एकाचाच पळतोय. मी बघितलं, मागचं डावं दोन-दोन. बघता बघता दोन-एक. पुढे तो उतार आहे ना, तळ्याकडे वळणारा."

हिल्काला तो उतार माहीत होता. त्यावर गावात कुणीच विनोद करत नाही.

"रस्त्याकडेच्या लेस्किनेनच्या अंगणात घातली गाडी. त्यांच्या म्हातारीने पोरांना स्वयंपाकघरात बसवून कोको पाजला, तोवर कसंबसं जादाचं चाक चढवलं. शाळा अर्धा तास बुडाली म्हणून पोरं खूश. आणि चाकात हे." त्याने खिशातून रेनडियरच्या कुंपणाचा दुतोंडी खिळा काढून टेबलावर ठेवला. "मागचं डावं. म्हणजे तुझा तो चौथा. अडगळीतला. तोच बोलला."

"अडगळीतल्या वस्तू टिकाऊ असतात," हिल्का म्हणाली आणि चाक उचलून पाण्याच्या टबात घातलं. तिला त्याच्याकडे बघायचं नव्हतं. बुडबुडे कुठून येतात ते तिने गरजेपेक्षा जास्त वेळ बघितलं. हात कोपरापर्यंत ओले झाले, आणि तेवढ्यात बाहेर टायरांचा ट्रक आला. मागचं दार तिच्याच गाडीने अडवलं होतं.

"ओइवा, किल्ली माझ्या कोटात आहे. गाडी जरा पुढे घे ना."

ओइवा बाहेर गेला. इंजिन गरम ठेवायची विजेची तार त्याने खांबावरून काढून नीट गुंडाळली. गाडीत बसून किल्ली फिरवली. समोर पिवळा दिवा लागला आणि विझला नाही. त्याने डिस्प्ले चाळला. पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, तिघांपुढे आकडे होते. मागच्या डाव्यापुढे नुसती रेघ होती.

ट्रकवाल्याने दोनदा हात हलवला तेव्हा त्याने गाडी पुढे घेतली.

परत येऊन त्याने किल्ली कोटाच्या खिशात ठेवली. हिल्का टबावर वाकलेली होती. तो यार्कोच्या टेबलापाशी गेला आणि हळूच म्हणाला, "तुमच्या त्या अडगळीच्या खोलीला चार चाकं आहेत का रे?"

यार्कोने यादीतून डोकं वर काढलं नाही. "आहेत," तो म्हणाला.

ओइवाने टोपी घातली, दुरुस्त झालेलं चाक बसवून घेतलं, आणि हिल्काने आकडा लिहून होईपर्यंत तिच्या शेजारी उभा राहिला. मग म्हणाला, "डबा परत नको." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता हिल्का काम संपवून अंगणात आली. अंधार कधीच पडला होता. तिने खांबावरची तार काढली, विजेरी लावली, आणि तिचं लक्ष चाकाकडे गेलं.

टायरवर खडूने आकडा लिहिला होता. दोन-चार. ती दुसऱ्या बाजूला गेली. दोन-चार. मागे दोन-तीन. तिने लिहिलेले नव्हते. तिचा 4 वरून मिटलेला असायचा, हा वरून उघडा होता, आणि एकेक रेघ पाइपावर कापायची खूण करावी तशी सरळ आणि खोल ओढलेली होती. प्रत्येक चाकापाशी बर्फात दोन गोल खळगे होते. सदुसष्ट वर्षांचे गुडघे तिथे चार वेळा टेकले होते, पोरांना शाळेत सोडून आल्यावर, या थंडीत.

आणि त्याची कंबर धरलेली असते, म्हणून तर चाकं बदलायला तो यंदा तिच्याकडे आला होता. "पाइपवाला," ती स्वतःशी म्हणाली. "हा मला हवा सांगणार."

तिने मीटर काढला आणि मागच्या डाव्या चाकापाशी वाकली, ज्याचा आकडा तिची गाडी सांगू शकत नव्हती. टायरवर दोन-चार लिहिलं होतं. तिने टोपण काढून मीटर लावला.

दोन-चार.

तिने टोपण परत लावलं. मग पुढच्या चाकाकडे वळली, दोन पावलं गेली, आणि थांबली. एकतीस वर्षांत दुसऱ्याने लिहिलेला आकडा तिने कधी तसाच जाऊ दिला नव्हता.

तिने मीटर खिशात ठेवला, गाडीत बसली, आणि उरलेली तीन चाकं न मोजता घरी गेली.